जमदग्नीच्या टाकीतली काच

काचवाल्या मावशींनी कापलेली काच चौकटीत बसवताना कधी अडायची नाही, कुणालाही विचारा. नवरा माप घ्यायचा, मावशी कापायच्या. काच कापायचा हिरा एकदाच ओढायचा. दुसऱ्यांदा रेघ मारणाऱ्याला त्या कारागीरच मानायच्या नाहीत. दुकानामागच्या खोलीतली माशांची भली थोरली टाकीही त्यांनीच जोडलेली. आजवर थेंब गळला नाही.

त्या टाकीत जमदग्नी राहायचा. सिक्लिड जातीचा नारिंगी मासा, कपाळावर टेंगूळ आणि राग सदा नाकाच्या शेंड्यावर. ही जातच तशी. पाण्यातला एक कोपरा आपला म्हटला, की तिथे दुसऱ्याची सावलीही खपत नाही, आणि टाकीत बिचाऱ्या दुसऱ्याने पळावं तरी कुठे? जोडीला आणलेल्या दोन माद्यांच्या पंख-शेपट्या त्याने पार फाडल्या, त्या परत कराव्या लागल्या. तिसरी देताना माशांचा दुकानदार म्हणाला, "मावशी, ही शेवटची. नाही जमलं तर मी जमदग्नीलाच घेऊन जाईन."

नवऱ्यानेही मान डोलावली. मावशींच्या ते जिव्हारी लागलं. आपल्या हाताने वाढवलेला जीव कुणी बिनकामाचा ठरवून उचलून न्यावा, म्हणजे काय?

त्यांनी टाकीच्या मधोमध काच घातली आणि अंगचं कसबच आड आलं. सवयीने काच इतकी लख्ख पुसली, की जमदग्नीला ती दिसलीच नाही. मादी नजरेस पडली रे पडली, की हा सुसाट सुटायचा आणि धाडकन आपटायचा. ओठ फाटला तरी हटेना.

"अगं, मध्ये काही आहे हे त्याला कळायला नको?" नवरा म्हणाला. "तू तर दिवाणखान्याची खिडकी केलीस."

जन्मभर ज्याची शाबासकी मिळवली तेच नडलं होतं. मावशींनी काच काढली, दुकानात नेली आणि ओला पॉलिश पेपर घेऊन स्वतःच्या हाताने घासघासून धुरकट केली. मग खालचा एक कोपरा कापला, मादी जाईल पण जमदग्नीचं टेंगूळ अडेल एवढाच. तिचं अंग खरचटू नये म्हणून कडाही गुळगुळीत केल्या.

आता पलीकडे नुसती सावली हलायची. जमदग्नी फुगून बघायचा, पण धडकणं थांबलं. मादी आधी कोपऱ्यापाशी घुटमळली. मग एकदा पलीकडे गेली, त्यालाच ढुशी दिली आणि तो अंगावर येताच सुळकन परतली.

"ही पक्की आहे हो," मावशी नवऱ्याला म्हणाल्या. त्यांना ती फार आवडली.

एका सकाळी मादीची बाजू रिकामी दिसली. नेमका तेव्हाच दुकानदार बादली घेऊन दारात उभा.

"गेली ना?" तो म्हणाला आणि टाकीच्या दुसऱ्या अंगाला जाऊन वाकला. तोच जमदग्नी कल्ले पसरून त्याच्या तोंडावर धावून आला. मागे मादी धडधाकट होती. मावशींनी घासलेल्या त्या धुरकट काचेला मोहरीएवढी अंडी चिकटली होती, दाट, ओळीने, आणि मादी पंखांनी त्यांना वारा घालत होती. जमदग्नी तिच्याकडे वळला, मावशी पुढे झाल्या. तो तिला नुसता घासून गेला आणि पुन्हा पुढे येऊन पहाऱ्याला उभा राहिला.

दुकानदाराने नीट बघायला झाकण उचललं, तर पठ्ठ्याने पाण्याबाहेर उसळी मारून त्याच्या बोटाचा चावा घेतला.

"मावशी, याचा राग काही गेला नाही," तो बोट झटकत म्हणाला.

"कशाला जाईल?" मावशी म्हणाल्या. "बाप झालाय तो. ठेव ते झाकण."