यंत्राच्या डोळ्याला कुंकू

लहान मुलांच्या मूत्राशयाचं ऑपरेशन आता रोबो करतो, असं परवा पेपरात वाचलं. सोबत फोटो होता: यंत्राला हार आणि शेजारी पुढारी. मी पेपर मिटला.

नव्वदीच्या दशकात सांगलीतल्या एका दवाखान्यात लहान मुलांसाठी बारीक दुर्बीण आली, तेव्हाही हार होताच. माझी सहा वर्षांची भाची तिथं दाखल होती. मूत्राशयात जन्मापासून एक फुगा होता. लघवी अडायची, मधेच गळायची, मग थंडी वाजून ताप यायचा. शाळेत तिला दाराशी वेगळं बसवायचे. पोट न फाडता दुर्बिणीतून तो फुगा फोडला की पोर बरी होईल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. बहीण वडूजहून येताना तिच्यासाठी नवं दप्तरही घेऊन आली होती.

ऑपरेशनला दसऱ्याचा मुहूर्त दवाखान्याच्या अध्यक्षांनी काढला होता. आदल्या दिवशी खंडेनवमी. आपल्याकडे त्या दिवशी ट्रॅक्टरपासून टाइपरायटरपर्यंत सगळ्यांची पूजा होते, मग दुर्बीण कशी सुटणार? अध्यक्ष स्वतःविषयी पुष्कळ बोलले. नंतर यंत्राला शाल पांघरली. वॉर्डात पांघरुणं कमीच होती. सगळ्यांनी रांगेनं हळदकुंकू वाहिलं. बहिणीनं लेकीला उचलून घेतलं.

"आये, ह्याचा डोळा कुठं हाय?"

कुणीतरी नळीच्या टोकाचं भिंग दाखवलं.

"डोळ्याला पन लावू?"

"लाव की," बहीण म्हणाली. "उद्या तुलाच बघायचं हाय त्येला."

पोरीनं बोट चांगलं दाबून कुंकू लावलं.

सकाळी दुर्बिणीतून नुसतं धुरकट दिसत होतं. कुंकू भिंगाच्या कडेनं आत गेलं होतं, धुताना पाणीही शिरलं होतं. तेवढी बारीक दुसरी दुर्बीण गावात नव्हती. पुण्याहून मागवली, पण ती येण्याआधीच भाचीला ताप चढला. डॉक्टरांनी शेवटी पोट उघडलं. तोवर विष रक्तात भिनलं होतं. पोर वाचली नाही.

डॉक्टर बहिणीसमोर येऊन उभे राहिले. भिंग पुसलेला, कुंकवानं लाल झालेला कापूस त्यांनी मुठीत मिटला होता. तो मी पाहिला, हे त्यांनीही पाहिलं.

"ताई, दुर्बीण मुंबईहून येतानाच बिघडलेली होती," ते म्हणाले.

बहीण अजून खंडेनवमीला शिलाई मशीन पुजते. कुंकू वाहताना म्हणते, "ह्ये तरी धड हाय. त्ये आलं तवाच बिघडल्यालं, न्हाई का रं?"

मी व्हय म्हणतो.