दोन साडू, एक चादर

माझ्या मोठ्या मावशीचे यजमान, म्हणजे आमचे मोठे काका, अतिशय समाधानी गृहस्थ आहेत. त्यांना स्वतःसाठी काही नको असतं. आपल्याकडे जे आहे ते धाकट्या काकांकडे नसावं, एवढीच त्यांची माफक अपेक्षा.

धाकटे काका म्हणजे धाकट्या मावशीचे यजमान. दोघे एकमेकांचे साडू. भावाभावांना निदान वाटणीवरून भांडता येतं. साडूंना तीही सोय नाही. त्यांच्यात सामाईक असते ती फक्त सासू, आणि ती, म्हणजे आमची आजी, वाटून घेण्यातली नव्हे.

आजीच्या खोलीत हात असलेली खुर्ची एकच. बाकी एक पलंग आणि स्टुलं. पुष्कळ वर्षं त्या खुर्चीवर धाकटे काका बसत, कारण त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं. मोठे काका लाँड्रीत चादरींच्या घड्या करत, म्हणून ते स्टुलावर. आजीने असं कधी बोलून दाखवलं नाही. ती धाकट्यांना म्हणायची, "बसा ना." आणि मोठ्यांना म्हणायची, "तो वरचा दिवा लागत नाहीये, बघता का जरा?" स्टुलावर बसलेल्या माणसाला त्यावर चढणं सोयीचं पडतं, एवढाच तिचा हिशेब असावा. मोठे काका दिवा बदलायचे, आणि वरून धाकट्यांच्या डोक्याकडे असं बघायचे की बल्ब हातातून सुटतो की काय अशी आम्हाला भीती वाटायची.

पुढे समोरच्या रस्त्यावर चकचकीत काचांचं, चष्म्यांचंच मोठं दुकान उघडलं. धाकट्या काकांकडे गिऱ्हाईकं यायची ती फक्त सैल झालेला स्क्रू फुकटात आवळून घ्यायला. दुकान बसलं. एका सकाळी ते मोठ्या काकांच्या दारात येऊन उभे राहिले. "दादा, तुमच्याकडे काही काम असलं तर बघा ना."

मावशी सांगते, काकांनी फार दुःखी चेहरा केला, साडूच्या पाठीवरून हात फिरवला, त्याला जिन्यापर्यंत पोचवलं, आणि परत आत येऊन शीळ वाजवत दाढी केली.

त्यांनी मॅनेजरकडे शब्द टाकला आणि धाकटे काका लाँड्रीत लागले, तेही आमच्या गावात नगरपालिका ठरवते त्या किमान पगारावर. मोठे काका त्याच्या एक पायरी वर होते. ती पायरी चढायला त्यांना अर्धं आयुष्य लागलं होतं. तशी ती बुटकीच होती, पण तिच्यावर उभं राहून साडू खाली दिसत होता आणि काकांना तेवढं पुरत होतं. आजीकडची खुर्चीही कधी त्यांच्याकडे आली ते कोणाच्या लक्षात आलं नाही. म्हणजे, काकांच्या सोडून.

लाँड्रीतलं काम समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच घडलं. इस्पितळांच्या आणि हॉटेलांच्या चादरी धुऊन, गरम रोलरखालून इस्त्री होऊन येतात. त्या इतक्या मोठ्या असतात की एका माणसाला घडी घालताच येत नाही. दोघांनी समोरासमोर उभं राहून दोन-दोन कोपरे धरायचे, एक झटका देऊन चादर ताणायची, लांबीत दुमडायची, मग एकमेकांकडे चालत यायचं. एकाने आपले कोपरे दुसऱ्याच्या हातात द्यायचे, खाली लोंबणारी घडी उचलायची आणि पुन्हा मागे जायचं. ताण दोन्हीकडून सारखा हवा. एकाने जास्त ओढलं की घडी वाकडी. कधी चालू लागायचं याची खूण म्हणून जोडीतला जुना माणूस "हं" म्हणतो. मोठे काका "हं" म्हणत आणि धाकटे चालत. दिवसभर. मोठ्या काकांचं वजन त्या वर्षात वाढलं.

आणि नगरपालिकेने किमान पगार वाढवायचा विषय काढला.

गावभर तोच विषय. न्हाव्याकडे, बसमध्ये, लाँड्रीच्या भिंतीलगत उभं राहून चहा पिताना. कोणी म्हणे वाढायलाच हवा, घरभाडी काय थांबलीत का? कोणी म्हणे दुकानं बंद पडतील. मोठ्या काकांनी मात्र एकच गोष्ट हेरली. नवा आकडा त्यांच्या पगाराच्या थोडा वर होता. म्हणजे दोघे साडू एकाच आकड्यावर येणार.

"अहो, मग तुमचाही वाढतोयच ना?" मावशी म्हणाली.

"वाढतोय. चिमूटभर."

"मग?"

"त्याचा किती वाढतोय बघ!"

"त्याचा वाढला तर तुमच्या खिशातून जातोय का?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतंय," मावशी म्हणाली. "माझी बहीण या वर्षी पोरीला नवे बूट घेईल, आणि तुमच्या पोटात दुखेल. काढा करून देऊ?"

मॅनेजर हुशार माणूस. त्याने काकांना केबिनमध्ये बोलावून बसायला खुर्ची दिली, हात असलेली. नगरपालिकेने लोकांचं म्हणणं ऐकायला सभा ठेवली होती; तिथे पगारवाढीच्या विरुद्ध बोलणारे सगळे मालकच होते, आणि त्याला एक कामगार हवा होता. "तुमच्यासारख्या जुन्या हाताची किंमत काल आलेल्या माणसाएवढी? तुम्हीच सांगा," तो म्हणाला. काकांना गेली कित्येक वर्षं हेच कोणीतरी विचारायला हवं होतं. ते माझ्याकडे आले, कारण घरात मी शिकलेला. मी त्यांना भाषण लिहून दिलं. "जुना हात" हा शब्द त्यांनी माझ्याकडून जागोजागी घालून घेतला.

सभागृहात दोन माइक होते, एक वाढीच्या बाजूचा, एक विरोधाचा, आणि दोन्हींमागे रांगा. विरोधाच्या रांगेत मालक मंडळी, कडक इस्त्रीच्या शर्टात. काका त्यांच्यात जाऊन उभे राहिले आणि समोरच्याच्या कॉलरची इस्त्री तपासू लागले. दुसऱ्या रांगेत पहारेकरी, स्वयंपाकी, झाडूवाल्या बायका, आणि धाकटे काका. त्यांना मोठ्यांच्या विरोधाचं काही माहीतच नव्हतं. मोठ्यांना पाहताच त्यांनी हात वर केला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असे म्हणाले, "दादा, ती रांग नव्हे! इकडे या, मी तुमची जागा धरलीय!"

मोठे काका छताकडे बघत राहिले. छतावर बघण्यासारखं काही नव्हतं.

त्यांची पाळी आली. भाषण त्यांनी बरं वाचलं. नव्याला आणि जुन्याला एकच पगार म्हणजे जुन्या हाताचा अपमान, वगैरे. मालकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्षबाई चष्मा पुसत म्हणाल्या, "मला खरंच समजून घ्यायचंय. घडी घालण्यात जुन्या हाताचा नेमका फरक काय असतो?"

हे माझ्या भाषणात नव्हतं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी माझ्या बुटांकडे पाहिलं.

"सांगून नाही कळायचं, बाई," काका म्हणाले. "दाखवतो." आणि सरळ व्यासपीठावर चढले. तिथल्या लांबलचक टेबलावर पांढरं कापड होतं. पेले, फुलदाणी, कागद बाजूला झाले. काकांनी कापडाचे दोन कोपरे धरले, झटका दिला, कापड फडफडलं, आणि तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की दुसरं टोक जमिनीवर पडलंय.

ही घडी एका माणसाला घालताच येत नाही. माझ्या काकांनी हयातभर हेच काम केलं, आणि नेमकं हेच विसरून ते आपलं एकट्याचं कसब दाखवायला निघाले होते.

मॅनेजर उठून पुढे येऊ लागला. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या तोंडून सवयीने निघालं, "धर रे."

कोण, ते सांगावं लागलं नाही. धाकटे काका रांग सोडून आले, वर चढले, कोपरे उचलले. झटका. दुमड. "हं." दोघे चालत आले, कोपरे हातातून हातात गेले, घडी उचलली, पुन्हा मागे, पुन्हा "हं." बघताबघता त्या लांबलचक कापडाची वहीएवढी घडी झाली, चारी कडा एकावर एक. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले, मालकसुद्धा.

"सुंदर!" अध्यक्षबाई म्हणाल्या. "आता यातले जुने कोण?"

लोक आळीपाळीने दोघांकडे बघू लागले.

"मी," मोठे काका म्हणाले.

"कशावरून ओळखायचं?"

काकांनी विचार केला. मग अगदी प्रामाणिकपणे म्हणाले, "हं मी म्हणतो."

हसण्याने छत उडालं. काका कानापर्यंत लाल झाले. तेवढ्यात धाकट्या काकांनी माइक पुढे ओढला. "हसू नका हो. हेच जुने. मी आलो तेव्हा मला कोपरा धरता येत नव्हता. यांनी शिकवलं. इतकं नीट शिकवलं की आता फरक दिसत नाही, यात त्यांची काय चूक?"

या वेळी टाळ्या आधीपेक्षा जास्त झाल्या.

घरी येताना मोठे काका माझ्या दोन पावलं पुढे चालत होते. मला वाटलं, मन भरून आलं असेल. कोपऱ्यावर ते थांबले आणि म्हणाले, "बघितलंस? मोठेपणासुद्धा त्यानेच घेतला."

पगारवाढ मंजूर झाली. बातमी आजीपर्यंत पोचली ती अशी: "जावई काय छान बोलले म्हणे सभेत!"

"कोणते?" मोठ्या काकांनी विचारलं. आजीला ऐकू आलं नाही, किंवा तिने तसं दाखवलं. त्या दिवशी खुर्चीवर कोणी बसेना. एक म्हणे तुम्ही बसा, दुसरा म्हणे तूच बस, आता काय, सारखेच आपण. शेवटी आजीच उठून जाऊन बसली. ती खुर्ची तिचीच होती, हे आम्ही विसरलो होतो.

नवा पगार लागू झाला त्या सकाळी मी लाँड्रीत काकांचा विसरलेला डबा द्यायला गेलो होतो. दोघे समोरासमोर उभे, मधे ताणलेली चादर. कोणी हलत नव्हतं. रोलरखालून कपडे येऊन ढीग साचत होता.

"म्हणा की, दादा," धाकटे म्हणाले.

"तू म्हण. पगार सारखा झाला ना?"

"मी कसं म्हणू? ते तुमचं आहे."

"माझं काय राहिलंय त्यात?"

"राहिलंय म्हणून तर उभा आहे," धाकटे म्हणाले. "हात भरून आले हो, दादा. म्हणा."

मोठ्या काकांनी त्यांच्याकडे बराच वेळ रोखून पाहिलं. हा माणूस पुन्हा मोठेपणा घेतोय की काय, याची खात्री करून घेत असावेत. मग म्हणाले, "हं."

धाकटे चालू लागले.

हल्ली मोठे काका हं जरा मोठ्याने म्हणतात. यंत्रांच्या त्या खडखडाटातही ते मॅनेजरच्या केबिनपर्यंत ऐकू जातं.