भिंतीवरचं लाकडी चाक

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या मागे भिंतीवर ते चाक कसलं? पुढच्या आठवड्यात हॉल रंगवायचा आहे आणि तुमचे बाबा त्या जागी टीव्ही लावा म्हणतात, म्हणून आजच लिहिते.

तुमचे आजोबा शिरोलीच्या फाउंड्रीत होते. तिथे लोखंड ओतण्याआधी वाळूत लाकडी नमुन्याचा ठसा घेतात. असाच एका चाकाचा लाल-पिवळा नमुना भंगारात निघाला होता, तो आजोबांनी घरी आणला. त्याचे रंग मला इतके आवडले, की तो भिंतीवर टांगून त्यावरूनच मी पडदे आणि उशांचे अभ्रे निवडले.

काही महिन्यांनी फाउंड्रीतले मिस्त्री दारात उभे. "वैनी, चाक द्या की. जुन्या गिऱ्हाईकाची ऑर्डर आलीया."

"आणि माझी भिंत?"

"ती कुठं पळून जातीया व्हय?"

पंधरा दिवस नुसता खिळा दिसत होता. चाक परत येईल, अशी आशा मी सोडली होती. मिस्त्रींनी ते स्वतः आणून दिलं, तेव्हा खाचांत काळी वाळू अडकलेली होती. मी ती पुसली नाही.

टीव्ही समोरच्या भिंतीवर लागेल. पडदे केव्हाच विरले. चाक आणि वाळू अजून आहेत.