हात न लावणारे दगाआबा

दगाआबा लहान पोराला समोरून कधी हाक मारत नसत. पाठीमागे जाऊन मारीत. निरोगी पोर नुसती मान वळवून बघतं. मानेत खोट असली की पायांसकट सबंध वळतं. साक्रीजवळच्या एका खेड्यात ते शेती करीत आणि मोडलेली हाडं बसवीत. उसण भरलेली मान तर बोलता बोलता मोकळी करीत. गुरूनं त्यांना एकच अट घातली होती: दारी आलेल्याला हात लावल्याशिवाय परत पाठवायचं नाही.

मी तेव्हा सात वर्षांची. दुसरं महायुद्ध नुकतंच सुरू झालं होतं. दोन महिने माझी मान दुखत होती, आणि हनुवटी दोन्ही तळहातांवर पेलून धरल्याशिवाय मला बसवत नव्हतं. नाना, म्हणजे माझे वडील, शेजारच्या गावचे पाटील. ते मला गाडीत घालून आबांकडे घेऊन आले. अंगण माणसांनी भरलेलं होतं. आबांनी मागून हाक मारली. मी अख्खी वळले. त्यांनी हनुवटीखालचे माझे हात पाहिले आणि आपले हात पाठीमागे बांधले.

“मी हात लावनार नही.”

नानांना नकार ऐकायची सवय नव्हती. “बठ्ठा गाव तुमना नाव लेतस आबा, आनि मनी पोरले हात लावाले तुम्हले काय व्हस?”

“पाटील सांगो नहीते कलेक्टर सांगो. एकदाव अशीच मान वढी व्हती मी. मना भाऊना पोऱ्या व्हता. हातपाय लुळा पडनात. चवथा दिनले गया.”

तो पोरगा तापानं गेला, असंच सगळे धरून चालले होते. आबांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं.

मग त्यांनी मला फळीवर उताणं निजवायला लावलं, उशी काढली, डोक्याच्या दोन्ही बाजूंना सरकीच्या पिशव्या लावल्या, आणि गाडीबरोबर धुळ्यापर्यंत पायी चालत आले. दर खड्ड्याला गाडीवानाला शिव्या! धुळ्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मानेच्या मणक्याला क्षय आहे. हिसका बसला असता तर पोर हाती लागली नसती. त्यांनी प्लास्टर घातलं. वर्षभर घरी उताणं पडून राहायचं होतं.

तिसऱ्या महिन्यात आईचा धीर सुटला. प्लास्टर काढून मान चोळायला तिनं एका मालीशवाल्याला बोलावलं. आबांना कुणकुण लागली. मालीशवाला आला, तेव्हा ते काठी घेऊन माझ्या खाटेशी बसलेले होते.

“हात लावशी तर हात मोडसू. मंग जोडाले मनाकडेच येशी.”

तो पाणीसुद्धा न पिता गेला.

आबांचं अंगण मात्र ओस पडलं. पुतण्याचा जीव घेतला म्हणून लोक बोट दाखवू लागले. नानांना फार लागलं. ते भांडायला निघाले. आबा म्हणाले, “दखाडू द्या. खरं शे ते.”

मी उठले, हिंडूफिरू लागले. मान मात्र कायमची आखडली. पुढे अमळनेरचं एक स्थळ मला पाहायला आलं. मुलाची आई म्हणाली, “मुलीची मान वळत नाही वाटतं.” नानांच्या शेजारी आबा बसले होते.

“वळस नही, पन खांदावर शे ना!”

स्थळ गेलं. मला काडीचंही वाईट वाटलं नाही.

त्याच उन्हाळ्यात आबा वारले. पोचवायला आली ती मोजकीच माणसं. सगळी माना खाली घालून उभी होती. माझी खाली जात नाही. तिरडी खांद्यावर उचलली, तेव्हा मी सरळ आबांच्या तोंडाकडे बघत उभी राहिले, आणि रडले.