पांढरी पट्टी

कालपर्यंत लख्ख ऊन होतं. आज नेमकं पहाटेपासून आभाळ भरून आलं, आणि वर बोचरी थंडी. सात वाजता बुडबुडेबाईंनी प्रयोगशाळेचं कुलूप काढलं, भिंतीतलं कपाट उघडलं आणि आतल्या जास्वंदीच्या दोन कुंड्या छातीशी धरून एकेक करत बाहेर आणल्या. एक कुंडी तीन दिवस अंधारात होती, दुसरी फक्त कालची एक रात्र. दोन्ही झाडांच्या एकेका पानावर मधोमध काळ्या कागदाची पट्टी, दोन बाजूंनी क्लिपांनी आवळलेली. बाईंनी कुंड्या खिडकीत मांडल्या आणि काचेला नाक लावून वर पाहिलं. सूर्य म्हणावा असं काही वर दिसेना.

"आजच दडी मारायची होती का रे बाबा तुला?" बाई पुटपुटल्या.

बारा वाजता बाहेरचे परीक्षक यायचे होते. तोवर उजेड मिळाला, तर पानाचा उघडा भाग अन्न तयार करणार, म्हणजे पिष्ट. आयोडीनचे थेंब टाकले की तो भाग काळानिळा पडणार. उजेडच नसेल तर काहीच होणार नाही, आणि बाईंनी आठ दिवस मनाशी जुळवलेलं सगळं मुसळ केरात. काहीच झालं नाही तर बरंच, असंही एक मन म्हणत होतं. त्या मनाची बाईंना भारी लाज वाटत होती.

सव्वीस वर्षं त्या याच खोलीत विज्ञान शिकवत होत्या. वर्गात साठ पोरं आणि सूक्ष्मदर्शक एक. एकेकाने डोळा लावून बघेपर्यंत तास संपायचा, आणि शेवटच्या बाकावरच्यांना पानाची छिद्रं बघायला दुसरा आठवडा उजाडायचा. मग एके दिवशी बाईंनी भिंगाला मोबाईल टेकवला, चित्रण केलं आणि भिंतीवर पाडून दाखवलं. पानाची छिद्रं ओठांसारखी मिटताना बघून साठच्या साठ पोरं गप्प झाली. तिथून व्हिडिओंचं वेड लागलं. पाणवनस्पतीचा व्हिडिओ तर चाळीस-पंचेचाळीस शाळांत पोचला. दिवा जवळ नेला की नळीतले बुडबुडे भराभर सुटतात, दूर नेला की मंदावतात; आणि बाई मोजता मोजता ओरडतात, "अरे, दमानं घ्या की जरा!" बाजारात अनोळखी पोरंसुद्धा त्यांच्या मागून हेच ओरडायची. नाव पडलं ते पडलंच.

चित्रण करायचे त्यांचे धाकटे दीर. लग्नकार्याचे व्हिडिओ काढणं हा त्यांचा धंदा, पण वहिनीच्या पानाफुलांसाठी सुटीचा दिवस द्यायचे. चार वर्षांपूर्वी पिष्टाच्या प्रयोगाचं चित्रण होतं. बाईंना वेळ नव्हता, म्हणून झाड एकच रात्र अंधारात ठेवलेलं. थंडीचे दिवस, पानाने आधीचा साठा रात्रभरात काही संपवला नाही. आयोडीन टाकलं आणि पट्टीखालचा भागही सगळ्या पानाबरोबर काळाठिक्कर पडला.

"परत करू तीन दिवसांनी," बाई म्हणाल्या होत्या.

"वहिनी, उद्या माझं लग्न आहे."

"अहो, मग जाऊबाई माहेरी गेल्यात त्या यासाठीच होय?"

"लोकांचं लग्न हो! आठ दिवस मान वर करायला वेळ नाही. आज काय ते आटपा."

आटपलं. पण ते दिरांनी नाही, बाईंनी स्वतःच्या हातांनी. ओठ फुटतात म्हणून पर्समध्ये व्हॅसलीनची डबी होती. हिरवा रंग उतरवलेल्या दुसऱ्या पानावर त्यांनी मधोमध व्हॅसलीनचा पट्टा ओढला. त्याखाली आयोडीन शिरलंच नाही. काळ्या पानावर रेघ मारल्यासारखी पट्टी उठून दिसली. निष्कर्ष तर खराच आहे ना, मग मुलांना नीट दिसला म्हणून काय बिघडलं, असं त्या मनाला सांगत राहिल्या. व्हिडिओत मात्र स्वच्छ आवाजात म्हणाल्या, "हे रोप आपण एक रात्र अंधारात ठेवलं होतं."

यंदा प्रात्यक्षिक परीक्षेत नववीच्या वकीलबाईंनी तोच प्रयोग केला. वकीलबाई म्हणजे एक पोरगी, चष्मा नाकावर घसरलेला, कशालाही "पण का?" विचारणारी, सगळा वर्ग तिला त्याच नावाने हाक मारायचा. तिने व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे झाड एक रात्र अंधारात ठेवलं, आणि जे दिसलं ते लिहिलं: झाकलेला भागही काळा पडला. परीक्षकांनी वहीवर लाल शेरा मारला, "प्रयोग निष्काळजीपणे केला. व्हिडिओ पाहावा." वीसपैकी चार. शहराबाहेरच्या विज्ञान निवासी शाळेत तिची निवड झाली होती, पण प्रात्यक्षिकात सोळा हवेच होते.

पोरीने फेरतपासणीचा अर्ज केला. त्यात एक वाक्य होतं: "आयोडीन तपकिरी असतं. पिष्ट नसलेल्या भागावर निदान त्याचा तपकिरी डाग तरी पडायला हवा. व्हिडिओतली पट्टी पांढरी का आहे?"

ते वाक्य बाईंनी चारदा वाचलं आणि भिंतीतल्या कपाटात कुंड्यांपुरती जागा केली.

साडेसातला मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दारात उभ्या राहिल्या. "हे काय, कुंड्या कशाला? परीक्षकांना व्हिडिओ दाखवा, चहा पाजा, दहा मिनिटांत विषय मिटतो. पोरगी चुकली, संपलं."

"ती म्हणते झाडावर करून दाखवा."

"ती म्हणेल आणि आपण नाचायचं? अहो, पुढच्या महिन्यात तुमचे सगळे व्हिडिओ सगळ्या शाळांना जायचेत. शाळेचं नाव आहे त्यात. उगाच काडी लावू नका." जाता जाता मागे वळून म्हणाल्या, "आणि चेहरा ठीक करा जरा. परीक्षा तुमची असल्यासारख्या उभ्या आहात."

आठला दीर दोन मोठे दिवे खांद्यावर टाकून आले. बाईंनीच फोन केला होता.

"सूर्याला सुटी दिलीत वाटतं वहिनी?" दिवे तिवईवर चढवत ते म्हणाले. खटके दाबले तशी खिडकी पांढऱ्या उजेडाने भरून गेली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण एक ऐका. तोंड बंद ठेवायचं."

"कुणी?"

"तुम्ही. माझं कायम उघडंच असतं, त्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तुम्ही बोललात तर चार वर्षांची मेहनत पाण्यात. सगळे म्हणतील, बुडबुडेसुद्धा सोडा टाकून काढले असतील."

हेच बाईंच्याही मनात रात्रंदिवस घोळत होतं. एका पट्टीसाठी बाकी सगळ्यावर बोळा फिरला असता. पण रोज सकाळी पहिल्या बाकावर ती पोरगी बसायची. निकालानंतर तिने तासाला हात वर करणं बंद केलं होतं.

दिवे तापले. बाई दर अर्ध्या तासाने कुंड्या इंचभर मागे घेत, पानांना हात लावून बघत. पान कोमेजलं तर तेही निमित्त होईल, म्हणून त्यांनी पाणी फवारलं. साडेदहाच्या सुमाराला खिडकीबाहेर थोडं पिवळट ऊन पडलं आणि दहा मिनिटांत परत मेलं.

परीक्षक बाराला पाच कमी असतानाच आले. सुकलेल्या चेहऱ्याचा, हळू बोलणारा माणूस. स्वेटरची बटणं गळ्यापर्यंत. मागोमाग मोठ्या बाई, आणि त्यांच्यामागे वही छातीशी घेतलेली वकीलबाई. दीर दिव्याची वायर गुंडाळायचं निमित्त करून कोपऱ्यात थांबले.

बाईंनी दोन्ही पानं खुडली, देठाला दोरे बांधले. एका रात्रीच्या पानाला पांढरा, तीन दिवसांच्या पानाला लाल. पट्ट्या काढल्या. पानं आधी उकळत्या पाण्यात, मग स्पिरिटच्या नळ्यांत, आणि नळ्या गरम पाण्याच्या चंचुपात्रात. स्पिरिट हळूहळू हिरवं होत गेलं, पानं फिकट पडत गेली. मोठ्या बाई घड्याळ बघत होत्या. बाई चिमट्याने नळ्या हळूच हलवत होत्या.

धुतलेली पानं पांढऱ्या बश्यांत पसरली. आयोडीनचे थेंब आधी पांढऱ्या दोऱ्याच्या पानावर. पान काळवंडत गेलं, मधोमधसुद्धा. पट्टी कुठे होती हे सांगता येऊ नये इतकं.

मग लाल दोऱ्याचं पान. दोन्ही कडांना निळसर काळेपणा चढला. मधली पट्टी पिवळट तपकिरी राहिली, कडा जरा फिसकटलेल्या.

परीक्षक खाली वाकले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले. "हे बरोबर आलं. हे किती दिवस अंधारात होतं?"

"तीन," बाई म्हणाल्या.

"आणि हे काळं?"

"एक रात्र."

"मी एकच रात्र ठेवलं होतं सर," वकीलबाई म्हणाली. "व्हिडिओत तसंच सांगितलंय."

"व्हिडिओत एका रात्रीत येतं की! मग तुझं का आलं नाही?" परीक्षक पोरीकडून बाईंकडे वळले, जरा मऊ आवाजात. "तसा झाडाझाडांत फरक असतो म्हणा. तुम्ही कोवळं रोप घेतलं असेल, साठा लवकर संपला. असंच ना? तसं असेल तर मुलीला मी पाचेक गुण वाढवून देतो. सूचना पाळल्या तिने. विषय मिटला."

"अगदी कोवळं रोप होतं," मोठ्या बाई लगेच म्हणाल्या. "मला चांगलं आठवतंय."

चार आणि पाच नऊ. सोळा नव्हे. वकीलबाईने मान खाली घातली नाही. ती चष्म्यातून सरळ बाईंच्या तोंडाकडे बघत होती. कोपऱ्यात दीर वायरचा वेढा हातात धरून तसेच उभे. बाईंनी नुसतं "हो" म्हणायचं होतं. मान हलवली तरी भागलं असतं.

"नाही," बाई म्हणाल्या. "नाही सर. रोप जुनंच होतं. सगळं पान काळं पडलं होतं, हिच्यासारखंच. मी दुसऱ्या पानावर व्हॅसलीन लावलं, तिथे आयोडीन शिरलं नाही. म्हणून पट्टी पांढरी. हिने लिहिलं ते खरं आहे. खोटं व्हिडिओत आहे, आणि ते मी केलंय."

चंचुपात्रातलं पाणी गुरगुरत होतं. मोठ्या बाईंनी खुर्ची ओढली आणि धपकन बसल्या.

"चार वर्षं बाई?" वकीलबाईचा आवाज बारीक होता. "मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. मला वाटलं, माझ्याच हाताला काहीतरी झालंय."

"तुझ्या हाताला काही झालेलं नाही," एवढंच बाई म्हणाल्या.

परीक्षकांनी पोरीची वही मागून घेतली. लाल शेऱ्यावर काट मारली, सही केली, वर सतरा लिहिले. "तीन गुण आकृतीचे कापलेत. पान काढलंयस की पापड?" पोरगी हसली नाही. मग ते बाईंना म्हणाले, "मला हे वर कळवावं लागेल. व्हिडिओ सध्या थांबवतील. सगळेच तपासतील."

"तपासू द्या," बाई म्हणाल्या. "बाकीचे खरे आहेत. पण तपासू द्या."

मोठ्या बाई परीक्षकांना सोडायला गेल्या. जाताना बाईंकडे बघितलंसुद्धा नाही. वकीलबाई दारात घुटमळली, बशीतलं लाल दोऱ्याचं पान परत एकदा निरखून गेली. आभार वगैरे काही मानले नाहीत, आणि बाईंना ते बरंच वाटलं.

दिरांनी दिवे खांद्यावर घेतले. "वहिनी, तीन दिवस ठेवायचं म्हणालात ना त्या वेळी? मीच घाई केली."

"डबी माझ्या पर्समधली होती भावजी."

ते दारापाशी जाऊन वळले. "परत काढायचा असेल तर सांगा. या रविवारी मोकळा आहे."

"बघू, कुणी काढू दिला तर."

ते गेले. पुढच्या तासाला आठवीचा वर्ग यायचा होता. बाईंनी बर्नर बंद केला, नळ सोडला, बाह्या वर सारल्या आणि स्पिरिटच्या नळ्या लांब दांड्याच्या ब्रशने घासायला घेतल्या.