पायवाटेने धरलेली टेप

विहिरीत डोकावण्याआधी भोवतालचा उतार पाहावा, असे मी खात्यात नव्याने रुजू होणाऱ्या प्रत्येकाला सांगत आलो आहे. हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली येतो. ऐकणाऱ्यांना तो माझा स्वभाव वाटतो, आणि मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत विहिरी आणि शौचालयांचे खड्डे तपासण्यात माझी सव्वीस वर्षे गेली. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि पावसानंतर, प्रत्येक विहिरीपाशी उभे राहायचे. कठडा, ओटा, साचलेले सांडपाणी, जवळपासचा खड्डा, सारे पाहून तक्ता भरायचा. पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवायचा. आणि शेवटी ग्रामपंचायतीच्या हाती हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड ठेवायचे. आता गुडघे चढणीला राजी नसतात. जीप सोडल्यावर पाड्यापर्यंतची वाट मी थांबत थांबत चढतो, आणि थांबण्याला निमित्त हवे म्हणून उतारावरची नागली न्याहाळत राहतो.

गेल्या पावसानंतर पोशेऱ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरून नमुना आला, तो ‘पिण्यास अयोग्य’ असा शेरा घेऊन. त्या विहिरीचे नमुने आधी वर्षानुवर्षे चांगले आले होते. पाड्यात चार घरी लहान मुलांना जुलाब लागले होते, म्हणून मी दुसऱ्याच दिवशी निघालो. पाड्याचे नाव वाचताच मला ती जागा आठवली होती. वाटभर मी स्वतःला सांगत होतो की दोष कठड्याचा असेल, कोणी ओट्यावर कपडे धूत असेल.

विहिरीच्या वरच्या अंगाला एकच घर आहे आणि त्या घरामागे, विहिरीच्याच बाजूला, शौचालय. त्याची जागा बारा वर्षांपूर्वी मी मंजूर केली होती.

ओटीवर एक म्हातारी बसली होती, शेजारी काठी.

“ये सायेब. तूच ना तो टेपवाला?”

“हो आजी.”

“आजी काय म्हनतोस? तुजं क्यास माज्यापरीस पांढरं झालं.”

आतून सून हसली. मीही हसलो, पण म्हातारी पुढे काय बोलणार हे मला ठाऊक होते.

“तवा मी खाली पानी शेंदत व्हती,” म्हातारी म्हणाली. “तू टेप वाटंनं लावलीस. मी बोलली का पानी वाटंनं नाय जात, दगडाच्या पोटातनं जातं. तू काय बोललास?”

मी खिशातली टेप चाचपली.

“बोललास, मावशी, टेप खोटं नाय बोलत.”

ते शब्द माझेच होते. त्या वर्षी साऱ्या तालुक्यात शौचालये पुरी करण्याची घाई होती. विहीर आणि खड्डा यांत पंधरा मीटर अंतर हवे, हा नियम. घराच्या इतर तिन्ही बाजूंना कातळ वर आलेला. खणायला माती मिळाली ती विहिरीच्याच बाजूला. सरळ अंतर पुरत नव्हते. मात्र घरापासून विहिरीकडे जाणारी पायवाट एका मोठ्या दगडाला वळसा घालून उतरते. मी टेप त्या वाटेने धरायला लावली. सतरा मीटर भरले. कोणी मला तसे करायला सांगितले नव्हते. तेव्हा आमच्यातले अनेक जण तसेच मोजत. माणूस ज्या वाटेने चालतो तेच अंतर, असे आम्ही एकमेकांना समजावले होते. बायका विहिरीवरून बघत होत्या, आणि त्यांतल्या एकीच्या शहाणपणावर मी सर्वांदेखत विनोद केला.

मग दहा वर्षे काहीच झाले नाही. घरच्यांनी त्या शौचालयात लाकडे रचली, पावसात कोंबड्या कोंडल्या. मी दर फेरीत त्यांना वापराबद्दल बोध करत असे; ते माना डोलवत. खड्डा कोरडा होता म्हणून विहीर स्वच्छ होती, आणि प्रत्येक चांगल्या अहवालाबरोबर मी मनाशी म्हणत होतो की माझे माप इतके काही चुकले नव्हते. दोन वर्षांपूर्वी म्हातारी ओढ्यात घसरली, तिचे खुब्याचे हाड मोडले. तेव्हा सुनेने लाकडे बाहेर काढून आत पाणी भरायला पिंप ठेवले. माझा बोध ऐकला गेला, आणि दोन पावसाळ्यांत त्यानेच विहीर बिघडली.

मी टेप काढली. एक टोक धरायला कोणी हवे होते. सून पाणी आणायला निघाली होती. म्हातारी काठीच्या आधाराने उठली, सावकाश मागे गेली आणि खड्ड्याच्या झाकणावर बसली. “आण इकडं,” म्हणाली. तिने टोक धरले आणि मी दगडावरून, काटेरी झुडपातून, सरळ विहिरीच्या कठड्यापर्यंत उतरलो. अकरा मीटर भरले, त्याहून किंचित कमीच.

लाल कार्ड द्यावे लागणार होते. म्हणजे पाड्यातल्या बायकांनी ऐन नागली कापण्याच्या दिवसांत खालच्या घळीतल्या झऱ्यावर जायचे. आणि खड्डा बंद करायचा. सून डोक्यावर हंडा तसाच ठेवून म्हणाली, “बंद करशील त ही डोकरी कुठं जाईल? दिवाळी झाली का आमी वीटभट्टीवर जानार. ही एकली ऱ्हाते. रानात जाईल आनि पडंल परत. नायतर मी ऱ्हाते हितं, मंग नवऱ्याच्या एकल्याच्या कामावर घर कसं भागंल, तू सांग.”

“दुसरा खड्डा होईल,” मी म्हणालो.

“दुसरा कोन देतो? एकदा देलाय बोलतात.”

तिचे म्हणणे खरे होते. ज्याच्या नावापुढे एकदा लाभ दिल्याची नोंद झाली, त्याला शौचालय पुन्हा मिळत नाही. अपवाद एकच: पहिली जागा ठरवण्यात कर्मचाऱ्याची चूक झाली असेल तर. तसे त्या कर्मचाऱ्याला लिहून द्यावे लागते.

कार्यालयात माझ्या वरिष्ठांनी नव्या मापाचा माझा अहवाल वाचला. ते वाईट गृहस्थ नव्हेत. चहा मागवून म्हणाले, “अहो, निवृत्तीला किती वर्षं राहिली तुमची? लिहा की, लाभार्थ्याने मंजुरीनंतर परस्पर जागा बदलली. मिटले. कोण बघायला येतो डोंगरात?”

“मग तिला दुसरा मिळणार नाही.”

“तो तुमचा प्रश्न नाही.”

मी जागेवर येऊन ते वाक्य लिहिले. हे कबूल केल्याशिवाय पुढचे सांगण्याचा मला अधिकार नाही. स्वच्छ अक्षरात लिहिले, खाली सहीसुद्धा केली, आणि तो कागद दोन दिवस माझ्या पिशवीत राहिला. त्या दोन दिवसांत मी आणखी तीन विहिरी तपासल्या. तिसऱ्या विहिरीवर तक्ता भरताना ‘जवळच्या खड्ड्याचे अंतर’ या रकान्यापाशी माझा हात थांबला. खड्डा समोर दिसत होता, टेप खिशात होती, आणि मी अंदाजाने आकडा लिहू पाहत होतो. इतक्या वर्षांत काहीही बदलले नव्हते, हे मला त्या क्षणी कळले.

टेप काढून मी ते अंतर मोजले. मग तिथेच कठड्यावर बसून दुसरा कागद लिहिला: जागेची पाहणी मी केली. मोजताना टेप पायवाटेने धरली होती. सरळ अंतर नियमापेक्षा कमी होते, हे मला तेव्हाही ठाऊक होते. लाभार्थ्याचा यात दोष नाही.

शेवटचे वाक्य नको होते, असे वरिष्ठ नंतर म्हणाले. त्याआधीचे तर मुळीच नको होते.

दोन कागद एकाच आठवड्यात आले. एकात माझ्याकडून खुलासा मागवला होता. दुसऱ्यात विशेष बाब म्हणून नव्या खड्ड्याला मंजुरी होती. खुलाशाचे पुढे काय व्हायचे ते अजून झालेले नाही. दिवाळीला नऊ दिवस उरले होते. शेजारच्या घरांनी मिळून घराच्या पलीकडच्या अंगाचा कातळ पहारीने फोडला. तिकडचा उतार दुसऱ्या ओहळाकडे जातो. सिमेंटच्या रिंगा डोक्यावरून वर आणल्या. जुना खड्डा उपसून मुरमाने भरला. विहिरीला अजून वेळ लागेल. पाणी उपसून, ब्लीचिंग टाकून, पुन्हा नमुने पाठवून, तेही लागोपाठ चांगले आल्यावरच कार्ड बदलता येईल. तोवर बायका घळीत उतरतात. मला पाहिले की वाट देतात, बोलत नाहीत.

माप घ्यायला मी गेलो तेव्हा सून बोचकी बांधत होती. म्हातारी नव्या झाकणावर आधीच जाऊन बसली होती. तिने हात पुढे केला. मी टेपचे टोक तिला दिले आणि घराला वळसा न घालता, पुढच्या दारातून आत, मागच्या दारातून बाहेर, सरळ विहिरीकडे निघालो.

“किती?” तिने वरून विचारले.

“एकतीस.”

“ताणून धरलीस का?”

मी टेप पुन्हा ताणली, आणि आकडा पुन्हा वाचला.