दोडक्याच्या मांडवापल्याड

गिरजाबाईला देवानं गळा दिला तो भर बाजारासाठी. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात ती भाजीच्या ओळीत अगदी टोकाला बसायची, पण तिची आरोळी दुसऱ्या टोकाच्या मिरचीवाल्याला ऐकू जायची. "काटेरी वांगे घ्या वं माय! लोण्यावानी शिजतीन!" रस्त्यावरचे जीपवाले गाडी हळू करून मान वळवायचे. नवरा जगदेव जिवंत होता तेव्हा म्हणायचा, "हळू ओरड वं, वांगे झाडावरच शिजून राह्यले."

असा हा गळा. आणि दिवाळीपासून घरात त्यातून शब्द फुटेना.

त्या दिवाळीत तिच्या मुलानं, मुकेशनं, आपल्या मोठेबाबांना केनवडहून कायमचं घरी आणलं. पुंजाजी म्हणजे जगदेवचे थोरले भाऊ. बायको वारली, मूलबाळ नाही, म्हाताऱ्या हातांनी स्वतःच भाकरी थापत होते. पोरानं त्यांना आणलं याचा गिरजाबाईला आनंदच झाला. आईबाप लवकर गेल्यावर जगदेवला वाढवलं ते याच माणसानं. विहिरीकडचा तुकडा धाकट्याला देऊन ते स्वतः सासुरवाडीला केनवडला शेती करायला गेले. आज मळ्यात जे काही हिरवं डोलतं, ते त्या तुकड्यावर.

पण पुंजाजी तिचे भासरे लागत. अनसिंगहून ती नवरी होऊन आली, त्याच दिवशी चुलतसासूनं तिला बजावलं होतं, की नवऱ्याच्या थोरल्या भावासमोर तोंड उघडायचं नाही, बाजेवर बसायचं नाही, घास घ्यायचा नाही, डोईवरचा पदर ढळू द्यायचा नाही. आजवर ते जमून गेलं, कारण पुंजाजी यायचे लग्नाकार्याला, दोन दिवसांसाठी. दोन दिवस कोणीही मुकं राहू शकतं. आता त्यांची बाज ओसरीत पडली, ती थेट स्वयंपाकघराच्या दारासमोर. ज्याच्यापुढं नाटक करायचंच नाही असा प्रेक्षक पहिल्या रांगेत कायमचा येऊन बसावा, आणि बिचाऱ्या नटीनं विंगेतच ताटकळत उभं राहावं, तशी तिची गत झाली. ती इशाऱ्यानं चहा पाठवी, सुनेच्या कानात पुटपुटे, अन् गोठ्यामागं उभ्यानं दोन घास खाई.

सून सायली मात्र पुंजाजींशी बिनधास्त गप्पा मारी. "मोठेबाबा, मोबाइलवर कुस्त्या लावून देऊ काय?" हा नियम तिच्या पिढीपर्यंत पोचलाच नव्हता, त्यामुळं सासू तो पाळते आहे हे तिला दिसेना.

तुंबलेलं पाणी कुठून तरी वाट काढतंच. गिरजाबाई मळ्यात गेली की वांग्यांच्या सरीत उकिडवी बसे आणि भडाभडा बोले. एक दिवस सायली चहा घेऊन गेली, तर सासू एका वांग्याच्या झाडापुढं हातवारे करते आहे, विचारते आहे आणि स्वतःच उत्तर देते आहे! घरात मुकी, वावरात झाडांशी बडबड, आणि अंगावरचं मांस तर झडत चाललेलं. सायली घाबरली. मुकेश तिच्याहून जास्त घाबरला. शेजारचे म्हणाले, "डोकं फिरलं असंन. नागपूरले येड्याच्या दवाखान्यात नेऊन टाक, तिथं भरती करतात."

गिरजाबाईनं हे भिंतीआडून ऐकलं. खरं सांगावं, तर पुंजाजी त्याच दिवशी केनवडची वाट धरतील, त्या रिकाम्या घरात मरायला. न सांगावं, तर नागपूर. तिनं न सांगणं पत्करलं.

नागपूरच्या आधी तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायचं ठरलं. तिथं समुपदेशक म्हणून ज्योत्स्ना नावाची तरुण बाई बसे. लोक तिला 'गोठीवाली मॅडम' म्हणत, गोठी म्हणजे गप्पा. मुकेश आईला घेऊन निघाला, तर पुंजाजीही काठी घेऊन उठले. "घरचा वडीलधारा नको काय संगं?"

ज्योत्स्ना संस्कारी पोरगी. म्हातारं माणूस दारात पाहताच उठून उभी राहिली. "या काकाजी, बसा." सगळ्यांत चांगली खुर्ची तिनं पुंजाजींना दिली, गिरजाबाईच्या बरोबर समोर. गिरजाबाईचा पदर नाकापर्यंत आला.

"मावशी, गेल्या काही आठवड्यांत उदास वाटणं, कशातच रस न वाटणं, असा काही अनुभव आला का?"

शाळेच्या पुस्तकातला धडा वाचावा तसं ते बोलणं. गिरजाबाईनं मान हलवली. टेबलामागच्या माणसाला हो म्हणायचं असतं, एवढं तिला ठाऊक होतं.

"उदास राह्यते नं मॅडम," मुकेश म्हणाला.

"झोप लागते का, मावशी?"

"नाई लागत," पुन्हा मुकेश.

पुंजाजी काठीवर हनुवटी टेकून जमिनीकडं पाहत होते. निघताना ज्योत्स्ना म्हणाली, "पुढच्या आठवड्यात या. तेव्हाही त्या बोलल्या नाहीत, तर मात्र नागपूरला पाठवावं लागेल."

तो आठवडा गिरजाबाईनं कसा काढला ते तिच्या वांग्यांनाच माहीत.

पुढच्या खेपेला पुन्हा तीच खोली, त्याच खुर्च्या. ज्योत्स्नानं विचारायला सुरुवात केली, तोच पुंजाजींना खोकल्याची उबळ आली आणि ते पाणी प्यायला बाहेर गेले. तेवढ्यात मुकेशचा फोन वाजला. कसलंसं ढणढण गाणं खोलीभर घुमलं.

"बंद कर नं थो भोंगा!" गिरजाबाई कडाडली. "दवाखाना हाय का जत्रा हाय हे?"

ज्योत्स्ना चमकली. काय तो खणखणीत आवाज! एवढ्यात दाराबाहेरून काठीचा ठोका आणि खाकरणं ऐकू आलं. गिरजाबाईचा पदर सरकन पुढं आला, तोही फक्त दाराच्या बाजूनं. ज्योत्स्नाच्या बाजूचा अर्धा चेहरा उघडाच राहिला.

ज्योत्स्ना त्या अर्ध्या पदराकडं बघतच राहिली. मग तिनं मुकेशला आणि पुंजाजींना बाहेर बाकावर बसवलं, दार लोटलं, आणि टेबलामागची आपली खुर्ची उचलून गिरजाबाईच्या शेजारी आणून टेकवली.

"मावशी," ती म्हणाली, आणि तिचं पुस्तकी बोलणं गळूनच पडलं, "मी बंजाऱ्याच्या तांड्यातली हाय. माही याडी, म्हंजे माय, धनीबाई, मोठेबाबासमोर असाच घुंगटो ओढे. घागर फुटली तरी फुटली म्हने नाई. अन् मी पोरगी शिकून आली, त तुमच्या भासऱ्यालेच खुर्ची देऊन तुमच्यासमोर बसवलं. चुकलं माह्यं."

गिरजाबाईनं पदर मागं सारला. कोणाला तरी दिसलं होतं!

"देवमाणूस हायेत वं थे. त्याइचा काईच दोष नाई."

"मंग मी सांगू काय त्याइले?"

"नोको, नोको!" तिनं ज्योत्स्नाचा हातच धरला. "सांगसान त थे आजच पिशवी घेऊन निंगतीन. मले नागपूरले धाडा, पण त्याइले जाऊ देऊ नोका."

"तुमी म्हनसान तेवढंच या दाराबाहेर जाईन," ज्योत्स्ना म्हणाली. "बाकीचं इथंच राहीन. पण मले एक सांगा, वांग्याशी काय बोलता?"

"हसान तुमी."

"हसली त रागवा."

गिरजाबाई नखानं खुर्ची कोरत म्हणाली, "हेच. की चहा गोड झाला काय. गुडघे दुखत असतीन त एरंडाचं पान बांधावं काय. केनवडची जाऊबाई आठवते काय. असं."

"मावशी! हे त सारं त्याइलेच इचारायचं हाय तुमाले!"

दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या आणि मग दोघींनाही एकदमच हसू फुटलं. हसता हसता गिरजाबाईच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. खूप वेळानं डोळे पुसून ती म्हणाली, "मळ्यात दोडक्याचा मांडव हाय. दाट हाय. थे त्याच्या पल्याड बसले, अन् मी अल्याड, तर थे समोर थोडीच होते?"

"सांगू काय एवढंच?"

"एवढंच."

ज्योत्स्नानं दार उघडलं. "काकाजी, दुपारचं मळ्यात जात जा. दोडक्याच्या मांडवापल्याड बसून मेथीच्या जुड्या बांधू लागा."

जुन्या माणसाला जुना रिवाज समजावून सांगावा लागत नाही. पुंजाजींनी दाराकडं पाठ फिरवली. मग हळूच म्हणाले, "मले वाटलं, मी आलो म्हनून राग हाय तिले. पिशवी भरून ठेवली होती मी."

दाराआड गिरजाबाईनं छातीवर हात ठेवला. थोडक्यात वाचलं होतं सारं.

"मॅडम, अन् नागपूर?" मुकेशला काहीच उमगेना.

"नागपूरचे संत्रे आना," ज्योत्स्ना म्हणाली, "दुसरं काई काम नाई तिथं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मांडवापल्याड पुंजाजी उलट्या टोपलीवर बसले, मांडीवर मेथी घेऊन. अलीकडं गिरजाबाई दोडके तोडत होती. मधे पानांचा हिरवा पडदा, पिवळ्या फुलांनी नटलेला. तिसरी घंटा झाली तरी नटीच्या तोंडून पहिलं वाक्य निघेना, तसा बराच वेळ गेला. शेवटी तिनं एका लोंबत्या दोडक्याला धरलं.

"काय रे दोडक्या, केनवडची जाऊबाई चहात आलं टाके का सुंठ?"

पलीकडं मेथीची सळसळ थांबली. वाऱ्यानं पानं हलली.

"सुंठ," पलीकडून आवाज आला. जरा घोगरा. मग थोड्या वेळानं, "अन् दोडक्या, तिले सांग, साखर लय होऊन राह्यली."

"मंग आजवर सांगावं नाई काय दोडक्याले!"

"दोडक्यानं कधी इचारलंच नाई."

चहाची किटली घेऊन आलेली सायली बांधावरच थबकली. सासू पुन्हा झाडाशी बोलत होती. तिनं घाईनं मांडवाला वळसा घातला, आणि तिथून तशीच धावत विहिरीवरच्या मुकेशकडं गेली. "अवो ऐका नं! आता मोठेबाबाही दोडक्याशी बोलून राह्यले!"

मुकेशनं कपाळाला हात लावला. "म्हंजे आता दोघाइलेबी न्या लागते काय?"

त्यावर मांडवाआडून ती जुनी, बाजाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारी आरोळी आली. विहिरीवरच्या साळुंक्या भुर्रकन उडाल्या.

"कोनाले कुठी न्यायचं नाई! तू दोडके भर टोपलीत, अन् सायले, तो चहा पल्याड दे आधी. आजच्याले गोडच प्या म्हन, उद्यापासून साखर कमी!"